अधिकार कोणाचा? दवाखान्यातल्या ‘मधल्या माणसा’चा इतिहास

आजचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस दवाखान्यावर काय बोलणार? रास्त प्रश्न आहे. आम्ही औषधांवर बोलणार नाही, तो आमचा प्रांत नाही. औषध देण्याचा अधिकार कोणाला, यावर मात्र बोलणार आहोत. ‘अधिकार’ हा शब्द आमच्या विषयातला आहे. वेदान्ताचं कोणतंही प्रकरण उघडा, सुरुवातीलाच विचारलेलं असतं, की या शास्त्राचा अधिकारी कोण? तिथे अधिकारी म्हणजे पात्र माणूस. कचेरीत अधिकारी म्हणजे ज्याची सही चालते तो माणूस. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांपासून कसे सुटले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

जगात सध्या दोन पदांची बरीच चर्चा आहे. एक ‘नर्स प्रॅक्टिशनर’, म्हणजे जादा शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारी, निदान करणारी, ठरावीक औषधं लिहून देणारी परिचारिका. दुसरं ‘फिजिशियन असिस्टंट’, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली डॉक्टरची बरीचशी कामं करणारा माणूस. दोन्ही पदं अमेरिकेत १९६५ साली जन्माला आली. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने पहिला अभ्यासक्रम काढला. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या चार वैद्यकीय सहायकांना घेऊन दुसरा सुरू केला. ही माणसं युद्धकाळात जखमा शिवत होती, पण साध्या कपड्यात परत आल्यावर त्यांना पट्टी बांधण्याचीही परवानगी नव्हती. बघा, पात्रता होती, सही नव्हती.

ही नावं आपल्याला नवी वाटतात. माणूस मात्र नवा नाही. आपल्याकडे तो फार जुना आहे. आपण त्याला वेळोवेळी वेगवेगळी नावं दिली, आणि मधून मधून त्याला हाकललंही.

चरकाचे चार पाय, प्लेटोचे दोन वैद्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारक हा तिथे पाण्याचा तांब्या देणारा गडी नाही. त्याचे चार गुण दिले आहेत. त्याला उपचारांचं ज्ञान हवं, तो दक्ष हवा, रोग्याविषयी आपुलकी हवी आणि तो शुचिर्भूत हवा. पहिला गुण ज्ञानाचा आहे, हे लक्षात घ्या. चरक वैद्याला चौघांत प्रमुख मानतो, त्याबद्दल वाद नाही. पण खाट चार पायांवर उभी राहते हेही तोच सांगतो.

आता दुसरीकडे बघू. प्लेटोच्या ‘लॉज’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात एक मोठा बोचरा उतारा आहे. तो म्हणतो, नगरात दोन प्रकारचे वैद्य असतात. गुलामांना बहुधा वैद्याचे मदतनीस तपासतात, आणि हे मदतनीस स्वतः गुलाम असतात. ते काही विचारत नाहीत, काही समजावत नाहीत, हुकूम सोडल्यासारखं औषध सांगतात आणि पुढच्या रोग्याकडे पळतात. स्वतंत्र नागरिकांना मात्र खरा वैद्य तपासतो. तो आजाराचं मूळ शोधतो, घरच्यांशी बोलतो, आणि रोग्याला पटल्याशिवाय औषध देत नाही.

चरकाचा परिचारक आणि प्लेटोचा गुलाम-वैद्य ही मधल्या माणसाची दोन रूपं आहेत. एक रूप चिकित्सेला पूर्ण करतं, दुसरं गरिबाला अर्ध्यावर सोडून देतं. गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडे जो वाद झाला, तो सगळा या दोन रूपांमधलाच आहे. मधला माणूस आणला की आपण चरकाकडे जातो की प्लेटोच्या त्या गुलामांच्या दवाखान्याकडे?

पुण्यातली शाळा आणि भोरे समिती

आपल्या पुण्याचं उदाहरण घेऊ. ससून रुग्णालय १८६७ सालचं. त्याच्या शेजारी बैरामजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली. नीट ऐका, ‘शाळा’, कॉलेज नव्हे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात पदवीधर डॉक्टर तयार होत. पुण्याच्या शाळेत कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून जिल्ह्याच्या, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारी माणसं तयार होत. पुढे १९१२ साली मुंबईत ‘कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स’ स्थापन झालं आणि एल.सी.पी.एस. ही पदविका रूढ झाली. तुमच्यापैकी जे सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्या गावात एखादे एल.सी.पी.एस. डॉक्टर नक्की असतील. पाटीवर ही चार अक्षरं, हातात चामडी बॅग, आणि पंचक्रोशीत मान. त्यांना कोणी अर्धा डॉक्टर म्हणत नव्हतं.

ससूनच्याच आवारात दुसरी एक गोष्ट घडत होती. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायकांना, त्यांत कितीतरी बालविधवा, परिचारिकेचं शिक्षण घ्यायला ससूनमध्ये पाठवलं. चांगल्या घरातल्या बाईने परक्या पुरुषाची जखम धुवायची, ही कल्पना त्या पुण्याला पचणारी नव्हती. आज ‘सिस्टर’ म्हणून आपण सहज हाक मारतो, पण त्या हाकेपर्यंत यायला मोठी सामाजिक लढाई लागली आहे.

आता १९४३ सालाकडे येऊ. सरकारने सर जोसेफ भोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या सदस्यांत आपले कामगारनेते ना. म. जोशीही होते. समितीचा अहवाल १९४६ साली आला. त्यातले आकडे ऐका. देशात नोंदलेले वैद्यकीय व्यावसायिक ४७,५२४. त्यांपैकी पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट, म्हणजे आपल्या एल.सी.पी.एस.सारखी पदविका घेतलेले, २९,८७०. म्हणजे देशाचं निम्म्याहून अधिक वैद्यक या मधल्या माणसांच्या खांद्यावर होतं. नोंदलेल्या परिचारिका सुमारे ७,०००. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका!

समितीने काय सुचवलं? एकच प्रकारचा डॉक्टर असावा, साडेपाच वर्षांचं शिक्षण घेतलेला, ‘मूलभूत डॉक्टर’. लायसेन्शिएटचा अभ्यासक्रम बंद करावा. काही सदस्यांनी याविरुद्ध मत नोंदवलं. रशियातल्या ‘फेल्डशर’ या मधल्या माणसाचा दाखला तेव्हा दिला जात होता. एवढ्या मोठ्या देशात एवढे डॉक्टर येणार कुठून, हा प्रश्न होता. पण निर्णय झाला तो झाला. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचं बी. जे. मेडिकल कॉलेज त्याच १९४६ साली झालं. शहराने तो गौरव मानला, आणि तो होताही. पण एक शाळा बंद झाली, याची नोंद कोणी घेतली नाही.

भोरे समितीवर अन्याय करायचा नाही. तिचा हेतू उदात्त होता. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का? स्वतंत्र देशात सगळ्यांना एकाच दर्जाचा डॉक्टर हवा. हा समतेचा युक्तिवाद आहे, प्लेटोच्या दोन वैद्यांना दिलेलं ते उत्तर आहे. अडचण एवढीच, की समान दर्जाचा डॉक्टर तयार झाला, तो शहरात राहिला, आणि खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टरही मिळेनासा झाला. कागदावरची समता गावापर्यंत पोहोचली नाही.

पिंपरीचं पेनिसिलिन

इथे आपली पिंपरी येते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आजूबाजूला तेव्हा शेतं होती. टेल्को, बजाज, एमआयडीसी हे सगळं पुढचं. या औद्योगिक पट्ट्याच्या आरंभी कोणी मोटार किंवा स्कूटर बनवत नव्हतं, औषध बनवत होतं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुढे हॅमायसिनसारखं नवं औषधही याच कारखान्याच्या संशोधनातून निघालं.

पण विचार करा. औषध पिंपरीत तयार झालं. ते मावळात, खेड तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगरात न्यूमोनिया झालेल्या पोरापर्यंत पोहोचलं, तर सुई कोण टोचणार? कुपीचं उत्पादन देशाने सोडवलं. कुपी आणि पोर यांच्या मधल्या माणसाला मात्र आठच वर्षांपूर्वी आपण रजा दिली होती.

ती जागा रिकामी राहिली नाही. समाजात अशी जागा कधीच रिकामी राहत नाही. कंपाउंडर तिथे आला. ‘देवी डॉक्टर’ आला, म्हणजे देवी टोचणारा सरकारी माणूस. आयुर्वेदाचे, होमिओपॅथीचे पदवीधर आले आणि अ‍ॅलोपॅथीची औषधं देऊ लागले. काही निव्वळ भोंदूही आले. त्या पोराच्या आईला यांतला फरक कळायचा कसा? तिला एवढंच कळायचं, की रात्री दार ठोठावलं तर उघडतं कोण.

कायदा मागून धावत आला. महाराष्ट्राने १९६१ साली वैद्यक व्यावसायिकांचा कायदा केला, आणि १९९२ च्या अधिसूचनेने काही आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधं देण्याची मुभा दिली. १९९६ साली मुंबईच्या पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने होमिओपॅथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं देणं हा निष्काळजीपणा ठरवला. ज्या पद्धतीचं ज्ञान नाही तिने उपचार करणारा भोंदूच, असा त्या निकालाचा रोख होता. त्या प्रकरणात एका बाईचा नवरा गेला होता, हे विसरू नका. १९९८ साली दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने म्हटलं, की राज्याच्या कायद्याने मुभा दिली असेल तर आयुर्वेद पदवीधर तेवढ्यापुरते आधुनिक औषधं देऊ शकतात. २०१४ साली महाराष्ट्राने होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम मान्य केला. त्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही, वर्तमानपत्रात वाचताच आहात.

या सगळ्या काळात भांडण कशाबद्दल झालं? सहीबद्दल. पात्रता कशी द्यायची, ती मोजायची कशी, या माणसावर देखरेख कोणी ठेवायची, हे प्रश्न मागे राहिले.

जामखेड आणि गडचिरोली

ते प्रश्न दोन ठिकाणी नीट विचारले गेले, आणि दोन्ही ठिकाणं महाराष्ट्रात आहेत. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. परदेशात शिकून आलेले हे डॉक्टर. त्यांनी गावागावांतून बायका निवडल्या, निवडल्या म्हणजे गावाने निवडल्या. कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. या बायका दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, परत जात. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, क्षयाच्या औषधांचा पाठपुरावा त्या सांभाळू लागल्या. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिच्या हाती गाव आपलं मूल देऊ लागलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी अल्मा आटाच्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला होता.

याच सुमाराला, २ ऑक्टोबर १९७७ रोजी, केंद्रातल्या जनता सरकारने देशभर गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली. ती टिकली नाही. जामखेडची टिकली. फरक काय होता? जामखेडला शिक्षण एकदाच देऊन सोडून दिलं नव्हतं. ते चालूच होतं, आणि मागे रुग्णालय उभं होतं.

दुसरं ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत अर्धवट शाळा शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. त्या नवजात बाळाचं वजन करत, ताप मोजत, श्वास मोजत, आणि जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणं दिसली तर आईबापांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. इंजेक्शन! ज्या गोष्टीवर डॉक्टरांची संघटना उठून उभी राहील, नेमकी तीच. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष आले: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ पासून आशाताईंच्या मार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्याचं मूळ इथे आहे.

आता यातून चुकीचा निष्कर्ष काढू नका. ‘म्हणजे डॉक्टर लागतच नाही’ असं गडचिरोलीने सिद्ध केलेलं नाही. तिथे प्रत्येक आरोग्यदूताला काम नेमकं आखून दिलं होतं. प्रत्येक बाळाची नोंद होती. तपासनीस येऊन ती नोंद पडताळत असे. कुठे थांबायचं आणि कोणाकडे पाठवायचं, हे शिकवलं होतं. आम्हाला विचाराल तर सर्वांत कठीण शिक्षण हे शेवटचं. सॉक्रेटिस आयुष्यभर लोकांना हेच शिकवत हिंडला, की आपल्याला काय माहीत नाही ते ओळखा. आरोग्यदूत बाईला ते एका तक्त्यावर शिकवलं गेलं.

छत्तीसगडनेही २००१ साली तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. ती माणसं पुढे ‘ग्रामीण वैद्यकीय सहायक’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांवर गेली. संशोधकांनी त्यांची तुलना एमबीबीएस डॉक्टरांशी केली, तेव्हा नेहमीच्या आजारांबाबत त्यांची कुशलता जवळपास बरोबरीची निघाली. अभ्यासक्रम मात्र वादात अडकला आणि बंद पडला. आसाममध्येही असाच कायदा झाला, तो न्यायालयात रद्द झाला. पात्रता सिद्ध झाली तरी सही मिळत नाही, ती ही अशी.

नवे कायदे, नवी नावं

गेल्या दहा वर्षांत मात्र चक्र फिरलं आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. २०१८ साली सुईणपणाच्या नव्या प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्याच वर्षी आयुष्मान भारत योजनेत दीड लाख आरोग्य केंद्रांची घोषणा झाली आणि उपकेंद्रांवर ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ आला. परिचारिका किंवा आयुर्वेद पदवीधर, सहा महिन्यांचं जादा प्रशिक्षण. महाराष्ट्रात यांत आयुर्वेदवाल्यांचा भरणा मोठा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात मर्यादित परवान्याचा ‘समुदाय आरोग्य प्रदाता’ आला, तेव्हा देशभरचे डॉक्टर संपावर गेले. २०२१ च्या कायद्याने ‘फिजिशियन असोसिएट’ हा व्यवसाय मान्य केला. त्याचा अभ्यासक्रम आपल्या देशात १९९२ सालीच चेन्नईत हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला होता. म्हणजे माणूस आधी आला, कायदा एकोणतीस वर्षांनी.

इंग्लंडात उलटा वारा आहे. तिथे या फिजिशियन असोसिएटनी डॉक्टरच्या जागी रुग्ण तपासले, रुग्णांना वाटलं आपल्याला डॉक्टरनेच तपासलं. आरडाओरडा झाला. २०२५ साली प्राध्यापक लेंग यांच्या अहवालाने सुचवलं, की नाव बदलून ‘असिस्टंट’ करा आणि निदान न झालेला रुग्ण थेट यांच्यापुढे पाठवू नका. त्यातला धडा साधा आहे: समोर कोण बसलं आहे हे रोग्याला कळलं पाहिजे.

चाकणची तिसरी पाळी

आता घरी येऊ. चाकण, महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथे कांद्याची आणि ज्वारीची शेतं होती. आज मोठमोठ्या गाड्यांच्या कंपन्या आहेत, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने. समजा, अशा एका लहान कारखान्यात तिसऱ्या पाळीत पॉवर प्रेसवर एका पोराचं बोट गेलं. बिहारचा किंवा मराठवाड्याचा पोरगा, ठेकेदाराचा माणूस, वय बावीस. रात्रीचे अडीच वाजले आहेत. तिथे कोण आहे?

२०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कारखाना कायदा सांगत असे, की दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी, आणि पाचशेहून जास्त कामगार असतील तर डॉक्टर-परिचारिकांसह रुग्णवाहिका कक्ष हवा. मोठ्या कंपनीत ‘ओएचसी’ असतं, तिथे रात्री बहुधा एक परिचारक किंवा परिचारिका. आमच्या कारखान्यात ऐंशी माणसं आहेत. म्हणून पेटी आहे. पेटीची किल्ली सुपरवायझरकडे.

पोराला कुठे नेणार? १९४८ सालच्याच कायद्यातून आलेली कामगार राज्य विमा योजना आहे. ती प्रा. बी. पी. अडारकर यांच्या अहवालावर उभी राहिली. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ती लागू. तिचं रुग्णालय चिंचवडला मोहननगरमध्ये. पालिकेचं वायसीएम पिंपरीत. मधे पुणे-नाशिक रस्ता. म्हणून त्याला जवळच्या एखाद्या खासगी रुग्णालयात नेतात. तिथे रात्रपाळीला जो ‘आरएमओ’ असतो, तो कितीतरी ठिकाणी बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. हे गुपित नाही, या सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे.

म्हणजे बघा मंडळी, आपण ‘मधला माणूस आणावा का’ यावर वाद घालतो आहोत, आणि आपल्या पट्ट्यात तो प्रत्येक रात्री कामावर हजर आहे. फक्त त्याला नाव नाही, नेमून दिलेली हद्द नाही, त्याच्या हातून झालेल्या कामाची धड नोंद नाही. डॉक्टरच्या नावाच्या पाटीखाली तो काम करतो. सही एकाची, हात दुसऱ्याचा.

दुसरी गोष्ट आकड्यांची. उपकेंद्र पाच हजार वस्तीमागे, प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांमागे, हा सरकारी निकष. पण वस्ती म्हणजे जनगणनेत नोंदलेली. खोलीत आठ-आठ जण राहणारे, पाळीने झोपणारे, दिवाळी-छठला गावी जाणारे हे कामगार त्या निकषात नीट बसत नाहीत. गावच्या उपकेंद्रावरच्या नर्सबाईंच्या रजिस्टरमध्ये गावची कुटुंबं असतात, चाळीतले नसतात. मधला माणूस नेमायचा तर आधी त्याच्या वाट्याची माणसं मोजावी लागतील.

मग आमचं म्हणणं काय? मधला माणूस हवा. भोरे समितीचा समतेचा आग्रह खरा होता, पण समता डॉक्टरच्या पदवीत शोधली गेली, ती रोग्याच्या अनुभवात शोधायला हवी होती. रोग्याच्या बाजूने चार गोष्टी मागाव्यात. या माणसाला नेमकं काय करता येतं, हे लिहून ठरलेलं असावं आणि रोग्याला दिसावं. त्याच्या पाठीशी फोनवर का होईना, जबाबदार डॉक्टर असावा. प्रत्येक उपचाराची नोंद व्हावी आणि ती कोणीतरी तपासावी. आणि त्याचं शिक्षण सहा महिन्यांत संपू नये, ते जामखेडसारखं चालू राहावं. हे चार असतील तर तो चरकाचा परिचारक. नसतील तर प्लेटोने वर्णन केलेला तो घाईतला मदतनीस, आणि त्याच्या समोर पुन्हा गुलामच बसलेले.

श्रोत्यांचे प्रश्न

(एक निवृत्त परिचारिका) सर, तीस वर्षं नोकरी केली. नवख्या डॉक्टरांना आम्हीच सगळं दाखवायचो. आता म्हणतात नर्सने निदानही करावं. जबाबदारी वाढणार, पगार आणि मान वाढणार का?

ताई, तुम्ही मुद्द्यावर बोट ठेवलंत. समुदाय आरोग्य अधिकारी आज कंत्राटी आहेत, आशाताई मानधनावर आहेत. डॉक्टर महाग पडतो म्हणून नर्स, एवढाच हिशेब असेल तर आम्ही त्याच्या विरोधात आहोत. पात्रता मान्य करायची तर ती पगारपत्रकातही मान्य करावी लागते. रमाबाईंच्या काळात परिचारिकेला कामाची परवानगी मिळाली, बरोबरीचं स्थान अजून मिळायचं आहे.

(एक डॉक्टर) उद्या चूक झाली तर कोर्टात कोण उभं राहणार? शेवटी डॉक्टरच ना?

डॉक्टरसाहेब, भीती खरी आहे. म्हणूनच हद्द लिहून हवी. आज ती लिहिलेली नाही आणि जबाबदारी तरीही तुमच्यावर येते, कारण सही तुमची असते. हद्दीच्या आत चूक झाली तर ज्याला परवाना आहे त्याने उत्तर द्यावं. देखरेखीत चूक झाली तर देखरेख करणाऱ्याने. परवाना नसलेला माणूस तुमच्या आड लपतो. परवाना असलेल्याला स्वतःच्या नावाने उभं राहावं लागेल. तुमच्या हिताचं दुसरंच आहे, असं आम्हाला वाटतं.

(एक तरुण कामगार) सर, आमच्या कंपनीत ओएचसी आहे. तिथले लोक चांगले आहेत. पण तिथे गेलं की सुपरवायझरला लगेच कळतं. मग पुढच्या महिन्यात ठेकेदार ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतो. त्यापेक्षा गोळी घेऊन उभं राहिलेलं बरं.

आजच्या सगळ्या व्याख्यानापेक्षा महत्त्वाचं तू बोललास. परिचारकाच्या चार गुणांत चरकाने अनुराग सांगितला, म्हणजे आपुलकी. कोणाविषयी? तिथे ‘भर्ता’ असा शब्द आहे, म्हणजे ज्याची सेवा करायची तो, अर्थात रोगी. कारखान्यात पगार देणारा भर्ता कंपनी असते. त्या परिचारिकेचा अनुराग कोणाकडे असावा? हा तिच्या मनाच्या चांगुलपणाचा प्रश्न नाही, नेमणुकीचा आहे. तिला पगार कोण देतं, रजिस्टर कोण वाचतं, बदली कोण करतं, यावर ते ठरतं. लहान कारखान्यांनी मिळून, कामगार विमा योजनेच्या किंवा पालिकेच्या अखत्यारीत, एका वसाहतीमागे एक असा चोवीस तासांचा दवाखाना चालवावा, आणि तिथल्या नोंदी कंपनीच्या हाती जाऊ नयेत. हे अशक्य नाही. तुमच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के दर महिन्याला त्या योजनेत जातातच. तो पैसा तुमचा आहे. तिथे रात्री कोण बसणार, हे विचारण्याचा अधिकारही तुमचाच आहे, आणि इथे आम्ही तो शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो आहोत.

वेळ संपली आहे, आयोजक घड्याळ दाखवताहेत. उरलेले प्रश्न बाहेर चहा घेताना बोलू.